चिऱ्याच्या घरात जुना लॅपटॉप: टीपी-लिंक आर्चर टी३यू प्लस कुणी घ्यावा, कुणी घेऊ नये

घरात १०० एमबीपीएसचं फायबर आलं, मोबाइलवर वेगही जवळपास तेवढा दिसतो, पण लॅपटॉप काही तीस-चाळिसाच्या वर जात नाही. अशा वेळी राग कनेक्शन देणाऱ्यावर निघतो. दोष मात्र बऱ्याचदा लॅपटॉपच्या पोटातल्या टपाल तिकिटाएवढ्या वायफाय कार्डाचा असतो. दहा-बारा वर्षांपूर्वीच्या स्वस्त लॅपटॉपांत बहुधा एका अँटेन्याचं, ८०२.११ एन या जुन्या वायफाय पिढीचं कार्ड बसवलेलं असे. वायफायचे मुख्य बँड, म्हणजे लहरींचे पट्टे, दोन: २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ. ते फक्त २.४ वर चालतं. २० मेगाहर्ट्झच्या चॅनलवर त्याचा कागदावरचा वेग ७२ एमबीपीएस, आणि प्रत्यक्ष हाती येतो तो साधारण निम्मा. प्लॅन कितीही वाढवा, हा आकडा हलत नाही.

टीपी-लिंकचा आर्चर टी३यू प्लस हा यूएसबी अडॅप्टर नेमकं एवढंच दुखणं बरं करतो, आणि ते चांगलं करतो. त्याच्याकडून आणखी अपेक्षा ठेवली तर मात्र पैसे वाया जातील. म्हणून विकत घेण्याआधी दोन मिनिटं काढा. स्टार्ट बटणावर राइट-क्लिक करून डिव्हाइस मॅनेजर उघडा आणि त्यात नेटवर्क अडॅप्टर्स पाहा. नावात ‘एसी’, ‘एएक्स’ किंवा ‘ड्युअल बँड’ असेल तर तुमच्या लॅपटॉपला ५ गिगाहर्ट्झ येतं. तुमची अडचण भिंतीत किंवा राउटरच्या जागेत आहे. नुसतं ‘बी/जी/एन’ असेल तर पुढे वाचा.

हा एसी १३०० वर्गातला (‘एसी’ म्हणजे ‘एन’नंतरची वायफाय पिढी) अडॅप्टर आहे: ५ गिगाहर्ट्झवर ८६७ आणि २.४ वर ४०० एमबीपीएस. ही बेरीज जाहिरातीपुरती समजावी, कारण एका वेळी एकच बँड चालतो. बाहेर फिरवता येणारा एकच अँटेना दिसतो, पण ८६७ हा आकडा एकाच वेळी चालणाऱ्या दोन डेटा-प्रवाहांशिवाय निघत नाही, आणि प्रत्येक प्रवाहाला वेगळा अँटेना लागतो. दुसरा अँटेना आत आहे. अँटेना उभा ठेवा, राउटरचे अँटेनेही उभे असतील तर जोड चांगला जमतो. यूएसबी ३ चा पोर्ट (बहुधा आत निळी पट्टी असते) असेल तर त्यातच लावा. जुन्या यूएसबी २ मध्येही तो चालतो, तिथे ३०० च्या आसपास छत लागतं. १०० किंवा २०० च्या प्लॅनला तेवढं पुरतं.

इथे एक गोष्ट फार थोडे विक्रेते सांगतात. यूएसबी ३ चा पोर्ट चालू असताना स्वतःच २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास रेडिओ गोंगाट करतो. इंटेलने २०१२ मध्ये यावर सविस्तर टिपण काढलं होतं. शेजारच्या पोर्टात यूएसबी ३ ची हार्ड डिस्क लावली की वायफाय आणि वायरलेस माउस दोन्ही अडखळतात ते यामुळे. उपाय दोन: अडॅप्टर ५ गिगाहर्ट्झवरच ठेवावा, नाहीतर चांगलं कवच असलेल्या एक मीटरच्या यूएसबी ३ एक्स्टेंशन केबलने तो लॅपटॉपपासून दूर न्यावा. केबलचा दुसरा फायदा गोव्यातल्या जाड भिंतींच्या घरात जास्त मोलाचा आहे. लॅपटॉप टेबलावरच राहतो आणि अडॅप्टर दाराच्या चौकटीशी नेता येतो. मीटरभर सरकवल्याने जे साधतं ते महागड्या अँटेन्याने साधत नाही.

जोडणी सोपी आहे, एक पेच सोडून. ड्रायव्हर, म्हणजे अडॅप्टर चालवणारं सॉफ्टवेअर, हवा असतो इंटरनेटवरून; आतलं जुनं कार्ड चालत असेल तर तो त्यावरूनच उतरवा, पण ते बंद पडलं असेल तर इंटरनेट हवं असतं ड्रायव्हरवरून.  अशा वेळी मोबाइल त्याच्या केबलने लॅपटॉपला जोडा, मोबाइलमध्ये यूएसबी टेदरिंग चालू करा आणि कंपनीच्या संकेतस्थळावरून ड्रायव्हर उतरवा. अडॅप्टरच्या मागे छापलेली हार्डवेअर आवृत्ती आधी वाचा. त्याच आवृत्तीचा ड्रायव्हर घ्या. तो बसला की डिव्हाइस मॅनेजरमध्ये जुन्या आतल्या कार्डावर राइट-क्लिक करून ‘डिसेबल डिव्हाइस’ करा. हे राहिलं तर विंडोज कधी कधी जुन्याच कार्डाने जोडत राहतं आणि नवा अडॅप्टर कुचकामी निघाला असा गैरसमज होतो. मग नव्या अडॅप्टरच्या प्रॉपर्टीजमध्ये पॉवर मॅनेजमेंटचा टॅब असेल तर वीज वाचवण्यासाठी उपकरण बंद करण्याच्या परवानगीची खूण काढा. झोपवलेला लॅपटॉप उघडल्यावर वायफाय गायब होण्याचं हे नेहमीचं कारण आहे.

लिनक्सवाल्यांसाठी बातमी चांगली आहे. आतली चिप रिअलटेकची ८८१२बीयू. २०२३ च्या सुरुवातीला आलेल्या ६.२ कर्नलपासून (कर्नल म्हणजे लिनक्सचा गाभा) तिचा ड्रायव्हर कर्नलमध्येच आहे, म्हणजे उबुंटू २४.०४ वर काही उतरवावं लागत नाही. मॅकसाठी घेऊ नका. एम मालिकेच्या मॅकवर तो चालत नाही, आणि त्या मॅकना त्याची गरजही नाही.

आता भिंती. पेडणे, डिचोली, सत्तरी, फोंड्याकडच्या जुन्या घरांत चिऱ्याच्या, म्हणजे जांभ्या दगडाच्या, भिंती दीड-दोन फूट जाड असतात. जांभा सच्छिद्र. पावसाळ्यात बाहेरची भिंत पाणी पिते आणि पाणी रेडिओलहरी शोषून घेतं. मे महिन्यात ओढूनताणून चालणारं वायफाय जुलैत तुटतं, त्याचं एक कारण हे. मोकळ्या जागेतसुद्धा तेवढ्याच अंतरावर ५ गिगाहर्ट्झचा सिग्नल २.४ पेक्षा सुमारे ७ डेसिबलने कमी पोचतो. भिंतीत तो फरक आणखी वाढतो. त्यामुळे या अडॅप्टरचा खरा लाभ राउटर असलेल्या खोलीत आणि एका भिंतीपलीकडे मिळतो. दोन जाड चिऱ्याच्या भिंतींपलीकडे ५ गिगाहर्ट्झचा भरवसा धरू नये. मोबाइलवर एखादं वायफाय अ‍ॅनालायझर अ‍ॅप टाकून पाहा: उणे ६७ डीबीएम (सिग्नलच्या ताकदीचं माप; शून्याच्या जितकं जवळ तितकं बरं) किंवा त्याहून बरा सिग्नल असेल तर व्हिडिओ कॉल सुरळीत चालेल, उणे ७५ च्या खाली गेला की तुटतुट सुरू होते. हे माप लॅपटॉप जिथे ठेवणार तिथे, दार लावून घ्या.

अडॅप्टरवर खर्च करण्याआधी राउटर हलवून बघणं फुकट आहे. फायबर टाकणारा तंत्रज्ञ वायर जिथून आत येते तिथेच, म्हणजे बाल्कांवाच्या (दारापुढच्या छपराखालच्या बैठकीच्या) किंवा वसरीच्या (पडवीच्या) कोपऱ्यात, पेटी ठोकून मोकळा होतो. अर्धा सिग्नल अंगणात जातो. ज्या घराला राजांगण (घराच्या मधला उघडा चौक) आहे त्यांनी पेटी राजांगणाकडे उघडणाऱ्या दाराजवळ, पावळीच्या (छपराच्या कडेवरून गळणाऱ्या) पाण्यापासून दूर, माणसाच्या डोक्याच्या उंचीवर बसवून घ्यावी. सिग्नल उघड्या चौकातून समोरच्या खोल्यांच्या दारांतून आत शिरतो, चिरा फोडत बसावं लागत नाही. बसवतानाच आत दहा मीटर फायबर जास्त मागा. मात्र ते खिळ्याभोवती काटकोनात वळवू देऊ नका. लोखंडी कपाट, आरसा आणि फ्रिज यांच्यामागे राउटर कधीच नको.

चॅनलचंही पाहायला हवं. कळंगुट-बागाच्या बाजूला किंवा पर्वरीच्या इमारतींत २.४ गिगाहर्ट्झवर शेजाऱ्यांची गर्दी असते. तिथे १, ६ किंवा ११ यांपैकी सर्वांत मोकळा निवडा, रुंदी २० मेगाहर्ट्झ ठेवा. भारतात १२ आणि १३ हे चॅनलही चालतात, पण अमेरिकेसाठी बनलेल्या लॅपटॉपांना ते बहुधा दिसत नाहीत. गोव्यात जहाजावर नोकरी करणाऱ्यांनी किंवा परदेशातल्या नातेवाइकांनी आणलेले लॅपटॉप घरोघरी आहेत. मोबाइलला दिसणारं नेटवर्क लॅपटॉपला दिसत नसेल तर आधी हे तपासा. ५ गिगाहर्ट्झवर ३६ ते ४८ किंवा १४९ ते १६१ हे चॅनल घ्या. ५२ ते १४४ हे रडारबरोबर वाटून घेतलेले आहेत. प्रत्येक वेळी चालू होताना राउटरला तिथे किमान एक मिनिट गप्प बसून कानोसा घ्यावा लागतो, काही चॅनलांवर दहा मिनिटं. पावसात दिवसातून चारदा वीज जाणाऱ्या गावात ‘लाइट आली पण ५ जी नेटवर्क दिसत नाही’ ही तक्रार (५ जी म्हणजे इथे ५ गिगाहर्ट्झचं वायफाय) इथून येते. राउटरला त्याच्या व्होल्टेजचा, बहुधा १२ व्होल्टचा, छोटा यूपीएस लावला तर हा प्रश्नच उरत नाही. घेताना राउटरच्या पॉवर अ‍ॅडॅप्टरवर छापलेले व्होल्ट आणि अँपिअर जुळवून पाहा.

किनाऱ्याजवळच्या घरांत खारा वारा यूएसबीच्या पितळी-तांबूस पट्ट्यांवर बुरशीसारखा थर आणतो. अडॅप्टर अधूनमधून तुटून पुन्हा जोडला जात असेल तर ड्रायव्हरशी झटण्याआधी आयसोप्रोपिल अल्कोहोलने संपर्क पुसा, सुकू द्या, मग लावा. वापरात नसताना सिलिका जेलच्या पुडीसह डब्यात ठेवा.

टॅबलेटसाठी हा अडॅप्टर घेऊ नका. आयपॅडवर तो चालत नाही, सामान्य अँड्रॉइड टॅबलेटमध्येही त्याचा ड्रायव्हर नसतो, मग ओटीजी केबल कितीही चांगली असो. मागच्या खोलीत मुलांचा टॅबलेट चालवायचा असेल तर त्याऐवजी कॅट ६ ची नेटवर्क केबल माडीवरून किंवा वाशांच्या कडेने नेऊन तिथे साधा दुसरा राउटर अ‍ॅक्सेस पॉइंट (केबलने आलेलं नेट वायफायवर पसरवणारं उपकरण) म्हणून लावावा. दुसऱ्याचा डीएचसीपी (उपकरणांना नेटवर्कचा पत्ता वाटणारी सोय) बंद करायला विसरू नका, नाहीतर अर्ध्या उपकरणांना चुकीचा पत्ता मिळेल आणि ‘जोडलेले, इंटरनेट नाही’ असं दिसत राहील. राउटरवर मॅक फिल्टर (ठरावीक मॅक पत्त्यांच्या, म्हणजे उपकरणांच्या वायफाय ओळख-क्रमांकांच्या, यादीलाच आत घेणारी सोय; अ‍ॅपलच्या मॅकशी संबंध नाही) लावला असेल तर आणखी एक अडथळा: आयपॅडओएस १४ आणि अँड्रॉइड १० पासून टॅबलेट प्रत्येक नेटवर्कला खोटा, बनवलेला मॅक पत्ता दाखवतात. त्या नेटवर्कच्या सेटिंगमध्ये खासगी पत्ता बंद करून खरा पत्ता राउटरच्या यादीत घाला. आणि राउटरची सुरक्षा फक्त डब्ल्यूपीए ३ (वायफाय पासवर्डच्या सुरक्षेची नवी पद्धत) वर असेल तर ती डब्ल्यूपीए २ आणि ३ अशी मिश्र करा. जुने टॅबलेट आणि लॅपटॉप पासवर्ड बरोबर असूनही आत येत नाहीत ते याच सेटिंगपायी.