क्रिप्टोचा ॲड्रेस कुठला द्यायचा, एक्स्चेंजवरचा की स्वतःच्या वॉलेटचा?

मुंबईत फ्रीलान्स काम करणारी बरीच पोरं आता बाहेरच्या क्लायंटचे पैसे क्रिप्टोत घेतात, गोरेगावपासून भांडुपपर्यंत कुणीही भेटलं तरी प्रश्न तोच असतो, ॲड्रेस (म्हणजे पैसे घ्यायचा अकाउंट नंबरच म्हणा) कुठला देऊ, एक्स्चेंजवरचा (क्रिप्टो खरेदी-विक्रीची कंपनी) की स्वतःच्या वॉलेटचा (क्रिप्टो सांभाळायचं आपलं ॲप), आणि माझ्याकडे किती आहे ते कुणाला कळणार का.

आधी एवढं पक्कं करून घ्या की ॲड्रेसवर नाव नसतं पण व्यवहार सगळे उघडे असतात, बिटकॉइनचं लेजर, म्हणजे सगळ्या व्यवहारांची वही, ज्याला चेनही म्हणतात, ते ३ जानेवारी २००९ च्या पहिल्या ब्लॉकपासून कुणीही मोबाईलवर बघू शकतं. चाळीच्या नोटीस बोर्डावर नाव खोडून पासबुक लावावं तसं आहे हे, कुणाचं आहे ते एकदा कळलं की मागचंही वाचता येतं आणि पुढचंही.

एक्स्चेंजचा ॲड्रेस दिलात तर गंमत अशी की क्लायंटपासून तुम्ही बऱ्यापैकी झाकलेले राहता. कारण आलेली कॉइन्स एक्स्चेंजच्या मोठ्या वॉलेटमध्ये सगळ्यांच्यात मिसळतात, पुढे तुम्ही काय विकलं, कुठे पाठवलं ते बाहेरून दिसत नाही. फक्त तोच ॲड्रेस चार जणांना दिला असेल तर त्यावर एकूण किती आलं ते चौघांनाही दिसतं. एक्स्चेंजपासून मात्र काहीच लपत नाही, पॅन-आधार त्यांच्याकडे, ७ मार्च २०२३ पासून ते पीएमएलए या मनी लाँडरिंगविरोधी कायद्याखाली आलेत म्हणजे रेकॉर्ड ठेवणं आणि संशयास्पद व्यवहार एफआययू या केंद्र सरकारच्या आर्थिक गुप्तचर यंत्रणेला कळवणं बंधनकारक, आणि १ जुलै २०२२ पासून १ टक्का टीडीएस कापला जातो तो तुमच्या पॅनवरच दिसतो. आणि त्या ॲड्रेसची प्रायव्हेट की, म्हणजे पैसे हलवायची गुप्त किल्ली, त्यांच्याकडे असते, म्हणजे चेनवर ती कॉइन्स त्यांची, तुमच्या नावाची नोंद फक्त त्यांच्या वहीत. उद्या त्यांनी विड्रॉल बंद केलं तर तुमच्या हातात काही नाही.

स्वतःचं वॉलेट घेतलं तर मालकी तुमची, पण प्रायव्हसी कुठल्या चेनवर (बिटकॉइन, इथेरियम वगैरे) आहात त्यावर ठरते आणि इथेच लोक फसतात. इथेरियमवर बहुतेक जण वर्षानुवर्षं एकच ॲड्रेस वापरतात, तो क्लायंटला दिला की त्याला तुमचा बॅलन्स, टोकन्स, गेल्या महिन्यात कुणाला किती दिले ते सगळं दिसतं, मग रेट वाढवून मागायला जाल तेव्हा तो तुमची शिल्लक बघून बोलत असतो. त्यावर स्वतःच्या नावाचं डॉट ईटीएच, म्हणजे लांबलचक ॲड्रेसऐवजी वापरायचं नाव, घेतलं असेल तर विषयच संपला. म्हणून क्लायंटसाठी वेगळं अकाउंट ठेवा, आणि त्यातून थेट आपल्या मुख्य अकाउंटला पैसे पाठवू नका, नाहीतर दोन्ही जोडली जातात.

बिटकॉइनचं वॉलेट सुरू करताना मिळणाऱ्या त्याच १२ किंवा २४ गुप्त शब्दांतून (अख्खं वॉलेट ज्यातून परत मिळतं ते) दरवेळी नवा ॲड्रेस काढून देतं, हे मला सगळ्यात आवडतं. पण खर्च करताना बघा काय होतं. एका क्लायंटने ०.००२ बिटकॉइन दिले, दुसऱ्याने ०.००३, दोन वेगळ्या ॲड्रेसवर, आणि तुम्हाला कुणाला तरी ०.००४ द्यायचेत. वॉलेट दोन्ही एकत्र घेऊन एकच व्यवहार करतं, फी वजा जाता ०.००१ च्या आतली उरलेली रक्कम तुमच्याच नव्या चेंज ॲड्रेसवर परत येते, आणि बघणाऱ्याला कळतं की दोन्ही ॲड्रेस बहुधा एकाच माणसाचे आहेत. बिटकॉइनचा निर्माता सातोशी नाकामोतोने २००८ च्या पेपरमध्येच हे लिहून ठेवलंय की असं जोडलं जाणं काही वेळा टाळता येत नाही. त्यामुळे कॉइन कंट्रोल, म्हणजे कुठली कॉइन्स खर्चायची ते स्वतः निवडायची सोय, असलेलं वॉलेट घ्या, स्पॅरो किंवा इलेक्ट्रम, आणि प्रत्येक ॲड्रेसला कुणाकडून आले ते लेबल लावा, टॅक्सच्या वेळीही तेच कामाला येतं. एक्सपब, म्हणजे वॉलेट ज्यातून ॲड्रेस काढतं ती पब्लिक की, मात्र कुणालाही देऊ नका, त्यातून त्या अकाउंटचे सगळेच ॲड्रेस दिसतात, पुढचेसुद्धा.

आणि जुनं कोण बघतंय असं समजू नका. २०१६ ला बिटफिनेक्स या एक्स्चेंजमधून सुमारे १ लाख २० हजार बिटकॉइन चोरीला गेले, फेब्रुवारी २०२२ मध्ये अमेरिकेने त्यातले ९४ हजारांहून जास्त जप्त केले, साडेपाच वर्षं माग चेनवर तसाच पडून होता.

मोनेरो नावाच्या क्रिप्टोत ॲड्रेस आणि रक्कम दोन्ही झाकलेली असतात, पण बायनान्स या मोठ्या एक्स्चेंजने २०२४ मध्ये ते काढून टाकलं, आणि साध्या फ्रीलान्सरला पैसे कुठून आले हे दाखवायची वेळ येतेच, त्यामुळे मी तरी सुचवणार नाही.

माझं मत विचाराल तर लगेच विकून रुपये करायचे असतील तर एक्स्चेंज चालेल, साठवायचं असेल तर बिटकॉइनचं स्वतःचं वॉलेट. फक्त घरच्यांचा विचार करून घ्या. एक्स्चेंजवर वारसांना निदान कागदपत्रं घेऊन दाद मागता येते, स्वतःच्या वॉलेटला तुमचं नावच माहीत नाही, ज्याच्याकडे शब्द तो मालक. म्हणून ते शब्द कागदावर लिहून रूमच्या कागदपत्रांसोबत ठेवा आणि बायकोला किंवा भावाला ते तिथे आहेत एवढं सांगा, फोटो काढून व्हॉट्सॲपवर अजिबात टाकू नका.