किटकॅट ठेवायचा की एमसीबी बसवायचा?

गेल्या दिवाळीच्या आधी शेजारच्या काकांनी हाक मारली. गिझर लावला की हॉलमधले दिवे मंद होतात, एवढीच तक्रार. घर जुन्या वाड्यातलं. लाकडी पट्टीवर क्लिपांनी ठोकलेली वायरिंग, जिन्याखाली मेन स्विच आणि त्याच्या शेजारी चिनी मातीचे चार किटकॅट, म्हणजे जास्त करंट आला की वितळून लाइन तोडणारी फ्यूजची तार धरणारे ठोकळे. मेन बंद करून मी गिझरचा किटकॅट ओढून काढला. आत फ्यूज वायर नव्हतीच. कुणीतरी जुन्या वायरीतले सात-आठ तांब्याचे केस काढून, पीळ देऊन दोन्ही स्क्रूंखाली आवळले होते. चिनी माती मधोमध काळीभोर आणि एका स्क्रूच्या डोक्याशी वितळून थिजलेला मोहरीएवढा तांब्याचा मणी.

"आता कधीच उडत नाही बघ," काका म्हणाले. "आधी महिन्यातून दोनदा उडायचा."

उडत नाही हीच तर भानगड होती. काकांना ती समजावली तेव्हा त्यांनी सरळ विचारलं, "मग नवी फ्यूज वायर टाकून भागेल की सगळं काढून एमसीबी लावू?" एमसीबी म्हणजे जास्त करंट आला की आपोआप खाली पडून लाइन तोडणारा खटका. जुन्या घराचं काम काढलेल्या बऱ्याच जणांना हा प्रश्न पडतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी वायर बघा

फ्यूज काय किंवा एमसीबी काय, दोन्ही असतात ते भिंतीतल्या वायरसाठी. टीव्ही, फ्रिज वाचवणं हे त्यांचं मुख्य काम नाही. वायरमधून जाणारा करंट दुप्पट झाला की तिच्यात तयार होणारी उष्णता चौपट होते. साध्या पीव्हीसी वायरचं आवरण ७० अंशांपर्यंतच्या कामासाठी बनवलेलं असतं. त्यापुढे ते एका दिवसात वितळत नाही; वर्षानुवर्षं भाजत राहतं, कडक होतं, आणि एखाद्या दिवशी हात लावला की टरफलासारखं गळून पडतं.

म्हणून फ्यूज-एमसीबीचा अँपिअरचा आकडा वायर बघून ठरवायचा, उपकरण बघून नाही. घरगुती कामात साधारण हिशोब असा चालतो: दिवे-पंख्यांच्या १.५ एमएम वायरला ६ किंवा १० अँपिअर, पॉवर सॉकेटच्या २.५ एमएमला १६, एसी-गिझरसाठी वेगळ्या ओढलेल्या ४ एमएमला २० ते २५. ('एमएम' म्हणजे इथे चौरस मिलिमीटर, दुकानात तसं कुणी म्हणत नाही.)

काकांच्या घरी एकाच लाइनवर २००० वॉटचा गिझर, २००० वॉटची इंडक्शन शेगडी आणि १००० वॉटची इस्त्री होती. २३० व्होल्टने भागलं की तिन्ही मिळून जवळपास २२ अँपिअर. आधीचा फ्यूज महिन्यातून दोनदा उडत होता, तो त्याचं काम करत होता म्हणून.

समोरासमोर ठेवले तर

खरा फरक दिसतो तो जरासा जास्त लोड आल्यावर. १५ अँपिअरची फ्यूज वायर १५ अँपिअरला वितळते असा समज आहे. तसं नसतं. किटकॅटमधली कथील चढवलेली तांब्याची तार आपल्या आकड्याच्या पावणेदोन ते दुप्पट करंट आल्यावर वितळते. म्हणजे २५ अँपिअर वाहत असताना १५ चा फ्यूज रात्रभर तग धरू शकतो आणि तोवर भिंतीतली वायर शिजत राहते.

१६ अँपिअरच्या एमसीबीला मात्र प्रमाणित वेळापत्रक पाळावं लागतं. १.१३ पट, म्हणजे १८ अँपिअरला त्याने तासभर पडायचं नाही; १.४५ पट, म्हणजे २३ च्या थोडं वर गेलं की तासाभराच्या आत पडलंच पाहिजे. आत दोन धातूंची चिकटवलेली पट्टी असते. ती तापून वाकते आणि खटका सोडते. एवढ्या एका मुद्द्यावरच मी घरासाठी एमसीबीच्या बाजूने आहे.

शॉर्टसर्किटला दोघेही चपळ. एमसीबीत त्यासाठी वेगळी गुंडाळी असते. 'बी' प्रकारात ती आकड्याच्या ३ ते ५ पट करंटला खटका ओढते, 'सी' प्रकारात ५ ते १० पट. मोटर असलेली वस्तू सुरू होताना क्षणभर जास्त करंट ओढते, म्हणून फ्रिज, एसी, पंपाला 'सी' घ्यावा. नुसते दिवे आणि गिझर असेल तर 'बी' चालतो. दुकानदार न विचारता 'सी'च देतो. घरात सहसा त्याने बिघडत नाही.

परत चालू करण्यात तर तुलनाच नाही. रात्री टॉर्च तोंडात धरून, स्क्रू ढिले करून तार गुंडाळायची की खटका वर करायचा? आणि तार संपलेली असली की माणूस हाताला लागेल ते घालतो. किटकॅटचा दोष चिनी मातीत नाही. तो कुणालाही, काहीही घालू देतो हा त्याचा दोष.

एमसीबी पडू नये म्हणून खटक्याला चिकटपट्टी लावणारेही मी पाहिलेत. त्याने काही होत नाही, खटका वर धरून ठेवला तरी आतला जोड तुटतोच. पण १६ काढून त्याच वायरवर ३२ बसवला तर पाप तेच, फक्त महागडं.

फ्यूजच्या बाजूनेही बोललं पाहिजे. त्यात हलणारा भाग नाही, त्यामुळे अडकायला काही नाही. शिवाय तो उडाला की कारण सांगून जातो: तार मधोमध अलगद तुटली असेल तर लोड जास्त झाला, चिनी मातीवर काळा फवारा उडाला असेल तर शॉर्ट. एमसीबी दोन्ही वेळा सारख्याच चेहऱ्याने खाली पडलेला असतो.

आणि एक. एमसीबी ३० अंश तापमान धरून जुळवलेला असतो. मे महिन्यात नागपूर-चंद्रपूरकडे पत्र्याच्या पेटीत, उन्हाच्या भिंतीवर बसवला तर तो थोडा लवकर पडणार. तो बिघडलेला नाही. पेटी सावलीत हलवा.

जे दोघांनाही कळत नाही

काकांच्या घरी गिझरच्या सॉकेटचा प्लॅस्टिकचा भाग पिवळट पडला होता, जवळ गेलं की जळकट वास. आतला स्क्रू ढिला. ढिल्या जोडावर उष्णता होते, पण करंट तेवढाच असतो. मग फ्यूज का उडावा आणि एमसीबी का पडावा? जुन्या घरात ॲल्युमिनियमची वायर असेल तर हे फारच होतं, कारण तो मऊ धातू स्क्रूखाली हळूहळू दबतो आणि जोड सैल पडतो. नवा बोर्ड बसवून जुने सॉकेट तसेच ठेवले तर अर्धंच काम झालं.

दुसरी गोष्ट शॉकची. माणसाच्या शरीरातून ३० मिलीअँपिअर करंट काही वेळ वाहत राहिला तरी जिवावर बेतू शकतं. १६ अँपिअर म्हणजे त्याच्या पाचशेपटीहून जास्त. तेव्हा फ्यूज असो वा एमसीबी, शॉक लागलेल्या माणसासाठी दोन्ही सारखेच निरुपयोगी. त्यासाठी ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी लागतो. गेलेला करंट आणि परत आलेला करंट यांचा मेळ बसला नाही की तो लाइन तोडतो. उलट त्याला जास्त लोडचं काही सोयरसुतक नाही, म्हणून तो एमसीबीच्या जागी नाही, जोडीला बसवायचा. जुन्या घरात दोन खोल्यांचे न्यूट्रल (करंट परत नेणाऱ्या तारा) कुठेतरी एकत्र जोडलेले असतात, तिथे आरसीसीबी लावल्या लावल्या पडतो आणि वायरमन म्हणतो, "काढून टाकू का?" काढू नका, न्यूट्रल वेगळे करायला लावा.

न्यूट्रलवरून आठवलं. जुन्या बोर्डात बरेचदा फेजला (करंट आणणाऱ्या तारेला) एक आणि न्यूट्रलला एक असे दोन किटकॅट असतात. न्यूट्रलचा आधी उडाला तर दिवा विझतो, पण होल्डरमध्ये फेज जिवंत राहतो. लाइट गेली समजून माणूस बल्ब काढायला हात घालतो. बाकी काही बदलायचं नसलं तरी मेन बंद करून वायरमनकडून न्यूट्रलचा फ्यूज काढून तिथे जाड, सलग जोड करून घ्या.

शेतातल्या मोटरीचं गणित निराळं

विहिरीवरची ५ एचपीची थ्री-फेज मोटर चालताना साडेसात अँपिअरच्या आसपास घेते, थेट स्टार्टरवर सुरू होताना मात्र सहापटीपर्यंत. इथे किटकॅट अगदीच नको. तीनपैकी एक फेजचा फ्यूज उडाला की मोटर दोन फेजवर घुमत राहते आणि वेळेत बंद केली नाही तर वाइंडिंग जळतं. हंगामात मोटर रिवाइंडिंगच्या दुकानात जाऊन बसा, एका दुपारी दोन-तीन तरी अशा येतात.

तीन पोलचा एमसीबी पडला तर तिन्ही फेज एकदम तोडतो, हा त्याचा फायदा. एचआरसी फ्यूजचा फायदा दुसरा: बंद नळीत भरलेली वाळू आतला ठिणगीचा लोळ विझवते, त्यामुळे डीपीजवळचा (ट्रान्सफॉर्मरजवळचा) दांडगा शॉर्टही तो शांतपणे गिळतो, जिथे घरगुती एमसीबीची मर्यादा ६ किंवा १० हजार अँपिअरची. मोटरीसाठी मी एचआरसी फ्यूज, स्टार्टरमधला नीट लावलेला ओव्हरलोड रिले (लोड जास्त झाला की मोटर बंद करणारा) आणि सिंगल फेजिंग प्रिव्हेंटर (एक फेज गेला की मोटर बंद करणारा) असं त्रिकूट सांगेन. रिलेचा आकडा मोटरीच्या पाटीवर लिहिलेल्या अँपिअरइतका ठेवा. 'सारखी पडते' म्हणून वाढवू नका. डीपीवरचा फ्यूज मात्र स्वतः घालायला जाऊ नका, लाइनमनला बोलवा.

पैसे आणि निर्णय

फ्यूज वायरचं कार्ड दहा-वीस रुपयांत येतं, एक पोलचा एमसीबी शे-दोनशेच्या घरात, आरसीसीबी त्याच्या कैकपट. घर स्वतःचं असेल आणि वायरिंग तांब्याची, धड असेल तर एमसीबी पेटी आणि आरसीसीबी एकदमच बसवा, त्यात फार विचार करण्यासारखं नाही. वायरिंग रबराची किंवा ॲल्युमिनियमची असेल तर आधी वायर बदला. शिजलेल्या वायरवर नवाकोरा एमसीबी म्हणजे खचलेल्या भिंतीवर रंग.

भाड्याचं घर असेल, मालक खर्चाला तयार नसेल तर किटकॅट राहू द्या. पण योग्य जाडीची तार एकपदरी घाला (५ अँपिअरला ०.२ मिमी, १५ ला ०.५ मिमी), कार्ड मेन स्विचजवळ खिळ्याला टांगून ठेवा, आणि गिझर-इंडक्शन एका वेळी लावू नका. मीटरच्या आधी येणारा महावितरणचा सीलबंद कटआउट (त्यांचा फ्यूज) कुठल्याच परिस्थितीत आपला नाही.

काकांनी शेवटी गिझरसाठी ४ एमएमची वेगळी लाइन ओढून घेतली, परवानाधारक वायरमनकडून. २० अँपिअरचा एमसीबी, वर आरसीसीबी. आरसीसीबीवर 'टी' लिहिलेलं एक छोटं बटण असतं, महिन्यातून एकदा ते दाबून लाइन जाते का बघायची. काकांनी ते कॅलेंडरवर दर संकष्टीला लिहून ठेवलंय.