अल्कापा: इको पुरे, की सीटीही हवा?
अल्कापा हा हृदयाचा जन्मजात दोष. त्यात दूध ओढताना बाळ घामाघूम होतं, कळवळून रडतं. परभणी-बीडकडे पोटदुखी समजून बाळगुटी दिली जाते. अल्कापात डावी कोरोनरी (हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणारी नळी) महाधमनीऐवजी फुप्फुस धमनीतून निघते, म्हणून डाव्या जवनिकेला रक्त कमी पडतं.

इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, खाटेजवळच होतो. कलर डॉपलरमध्ये (इकोत रक्ताचा प्रवाह रंगात दाखवणारी सोय) डाव्या कोरोनरीत रक्त उलटं वाहताना दिसलं, उजवी फुगलेली असली, की निदान जवळपास पक्कं. घोटाळा साध्या काळ्या-पांढऱ्या चित्रात होतो: नळी महाधमनीलाच जोडलेली भासते आणि ‘कार्डिओमायोपॅथी’चा (हृदयाच्या स्नायूचा आजार) शिक्का बसतो. म्हणून कलर डॉपलर लावल्याशिवाय इको संपवू नये. ईसीजीत लीड I आणि एव्हीएल या लीडमध्ये खोल क्यू लहरी असतील तर पुन्हा बघाच.

सीटी उगम नेमका दाखवतो, पण कॉन्ट्रास्ट, रेडिएशन, कधी भूलही लागते. थकलेल्या हृदयाला ती जोखमीची. इको स्पष्ट असेल तर सीटीसाठी शस्त्रक्रिया अडवू नये. शस्त्रक्रियेत नळीचं तोंड बटणासारखं कापून महाधमनीत शिवतात.