सांडपाण्यावर नजर: यूव्ही प्रोब की टीओसी विश्लेषक?

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने 2014 मध्ये 17 अतिप्रदूषक उद्योगगटांना ऑनलाइन मापन बसवायला सांगितलं. त्यात साखर कारखानेही आले. यूव्ही प्रोब, म्हणजे पाणी अतिनील प्रकाश किती शोषतं त्यावरून प्रदूषणाचा अंदाज देणारा संवेदक, थेट पाण्यात बुडवता येतो, रसायन लागत नाही, आकडा काही क्षणांत मिळतो. पण 254 नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश शोषणारे पदार्थच त्याला दिसतात: फिनॉल दिसतं, साखर, अल्कोहोल जवळजवळ नाहीच. रस किंवा मळी नाल्यात गेली, तरी त्यातली साखर तो पकडणार नाही! म्हणून साखर कारखान्यात केवळ यूव्हीवर विसंबणं मला धोक्याचं वाटतं.

टीओसी (एकूण सेंद्रिय कार्बन) विश्लेषक नमुन्यातल्या कार्बनचं ऑक्सिडीकरण करून तयार झालेला कार्बन डायऑक्साइड मोजतो, साखरेसकट. तो महाग आहे, गाळाने नळ्या तुंबतात, देखभाल सतत हवी. तरीही इथे तोच घ्यावा. सीओडीशी (पाण्यातल्या पदार्थांच्या रासायनिक ऑक्सिडीकरणाला किती ऑक्सिजन लागतो, या मापाशी) जुळवणी मात्र दोन्हींची प्रयोगशाळेतल्या डायक्रोमेट चाचणीवरूनच करावी लागते.