जिगसॉ पझल घेताना चित्राआधी काप पाहावा

जिगसॉ पझल विकत घेताना बहुतेक जण खोक्यावरचे चित्र आणि त्याच्या कोपऱ्यात छापलेला तुकड्यांचा आकडा पाहतात. या दोन गोष्टी चटकन नजरेत भरतात, म्हणून निवडही त्यांच्यावरच होते. पण जुळवायला बसल्यावर ज्या गोष्टीमुळे वेळ आनंदात जातो किंवा डोके भणभणते, ती म्हणजे तुकड्यांचा काप, आणि तो खोके उघडेपर्यंत दिसत नाही. वेगवेगळ्या कंपन्यांची पुठ्ठ्याची आणि लाकडाची पझल्स घरी बरीच वर्षे जुळवल्यावर माझे मत पक्के झाले आहे की, चांगल्या पझलने एक गोष्ट न चुकता दिलीच पाहिजे: योग्य जागी बसलेला तुकडा योग्यच आहे, ही बोटांना पटणारी खात्री. चित्र साधे असूनही ही खात्री मिळत असेल, तर ते पझल पुन्हा जुळवावेसे वाटते. चित्र कितीही देखणे असले आणि खात्री नसेल, तर ते एकदा जुळवून कायमचे कपाटात जाते.

ही खात्री नसली की काय होते, ते आकाशाच्या भागात सर्वांत स्पष्ट दिसते. फिकट निळ्या रंगाचे बरेच तुकडे उरलेले असतात, त्यांच्या छटांत फरक जवळजवळ नसतो, आणि एखादा तुकडा दुसऱ्याच्याच जागी सहज जाऊन बसतो. त्याच्या आधाराने पुढची ओळ रचली जाते, तिच्यापुढे आणखी एक, आणि शेवटी तीन-चार तुकडे असे उरतात की ते कुठेच बसत नाहीत. मग चूक शोधण्यासाठी जुळलेला भाग पुन्हा उचकटावा लागतो. अशी फसवी जुळणी वेळीच ओळखायची असेल, तर दिवा टेबलाच्या पलीकडच्या बाजूला ठेवावा आणि नजर टेबलाच्या पातळीवर आणावी. चुकीच्या तुकड्याच्या एखाद्या कोपऱ्याशी केसाएवढी काळी फट दिसते, किंवा त्याची कड शेजारच्या तुकड्यापेक्षा किंचित वर आलेली असते. बोट हलकेच फिरवले तरी ती कड हाताला लागते. उत्तम कापाच्या पझलमध्ये ही तपासणी करण्याची वेळ क्वचितच येते, कारण चुकीचा तुकडा मुळात आत शिरतच नाही, आणि बरोबर तुकडा शिरला की तो हलत नाही. दहा-बारा तुकड्यांचा जुळलेला भाग कडेला धरून उचलला आणि तो न सुटता दुसरीकडे नेता आला, तर काप चांगला आहे असे खुशाल समजावे. नव्या पझलवर माझी पहिली चाचणी हीच असते.

या फरकाचे मूळ कारखान्यात आहे. पुठ्ठ्याच्या पझलसाठी चित्र कागदावर छापून जाड पुठ्ठ्यावर चिकटवतात आणि मग पोलादी पात्यांच्या साच्याखाली तो पुठ्ठा दाबून कापतात. ही पाती धारदार असतील तर तुकडे स्वच्छ सुटतात. ती बोथट झाली की पुठ्ठा कापला जाण्याऐवजी दाबला जातो आणि फाटतो, तुकडे एकमेकांना चिकटून राहतात, त्यांच्या मागच्या बाजूला कागदाचे तंतू लोंबतात आणि खोक्याच्या तळाशी भुशाचा थर साचतो. थोडा भुसा प्रत्येक पझलमध्ये असतोच, त्यामुळे तेवढ्यावरून नाव ठेवणे योग्य नाही. पण तुकडे वेगळे करताना चित्राचा कागद कोपऱ्यापाशी उचकटला जात असेल, तर तो दोष अक्षम्य आहे, कारण असा तुकडा दर वेळी हाताळताना आणखी सोलला जातो. एका पझलमध्ये मला असे सोललेले तुकडे इतके मिळाले की चित्र पूर्ण झाल्यावरही ते डागाळलेले दिसत राहिले. १८८३ साली स्थापन झालेल्या आणि १९६० च्या दशकापासून पझल्स बनवणाऱ्या जर्मनीतील राव्हेन्सबुर्गर या कंपनीचे नाव या छंदात आदराने घेतले जाते, ते मुख्यतः या बाबतीत. तिची कापण्याची साधने कारागीर हाताने घडवतात, पुठ्ठा जाड व घट्ट असतो आणि छापील पृष्ठभागाला कापडासारखा बारीक पोत असतो, ज्यामुळे दिव्याची चकाकी डोळ्यांवर येत नाही. चकाकीचा हा मुद्दा फारसा कोणी बोलून दाखवत नाही, पण रात्री दिव्याखाली गुळगुळीत, चमकदार तुकडे काही वेळ न्याहाळले की त्याचे महत्त्व लगेच कळते.

साचा बनवणे खर्चिक असल्यामुळे कंपन्या एकच साचा अनेक चित्रांसाठी वापरतात. त्यामुळे एकाच साच्यातून निघालेल्या दोन पझल्सचे तुकडे परस्परांत बसतात, आणि टिम क्लाइन हे अमेरिकन कलावंत याच गुणाचा उपयोग करून दोन जुन्या पझल्समधून तिसरेच चित्र घडवतात. जुळवणाऱ्याच्या दृष्टीने याचा अर्थ असा की, एकाच कंपनीची ठरावीक आकाराची पझल्स सतत घेतली, तर काही काळाने विशिष्ट वळणाचे तुकडे ओळखीचे वाटू लागतात. मला ही ओळख आवडते, पण ज्यांना दर वेळी नवे आव्हान हवे आहे त्यांनी कंपन्या आलटूनपालटून घ्याव्यात.

कापाचे ढोबळमानाने दोन प्रकार आहेत, आणि खरी आवड-निवड इथेच ठरते. पहिल्या प्रकारात तुकडे उभ्या-आडव्या ओळींत असतात, प्रत्येकाला चार बाजू असतात आणि प्रत्येक बाजूला एक तर बाहेर आलेले गोल टोक असते किंवा आत गेलेली खाच असते. टोके किती आणि कुठे आहेत यावरून आतल्या तुकड्यांचे सहाच प्रकार होतात: चारही टोके, तीन टोके, समोरासमोर दोन, शेजारी-शेजारी दोन, एकच टोक आणि चारही खाचा. आकाश किंवा पाणी जुळवताना ही विभागणी अतिशय उपयोगी पडते. रंग मदत करेनासा झाला की उरलेले तुकडे या सहा गटांत मांडावेत, रिकाम्या जागेला कोणता प्रकार हवा ते पाहावे आणि त्या गटातील तुकडे एकेक करून लावून पाहावेत. काम संथ होते, पण अडकत नाही. दुसऱ्या प्रकारात काप अनियमित असतो; तुकडे लांबट, तिरके, काही अगदी लहान तर काही पंज्यासारखे पसरलेले असतात, आणि चार तुकड्यांचे कोपरे एका बिंदूत मिळतील असा नियम नसतो. कॅनडातील कॉबल हिल ही कंपनी अशा कापासाठी ओळखली जाते. या प्रकारात प्रत्येक तुकड्याला स्वतःची ठेवण असते, त्यामुळे नजर केवळ रंग शोधत न राहता आकारही लक्षात ठेवू लागते. ५०० ते १००० तुकड्यांपर्यंत मला अनियमित काप निःसंशय अधिक आनंददायक वाटतो. त्याहून मोठ्या पझलसाठी, विशेषतः एकरंगी भाग बराच असेल तर, ओळींचा कापच बरा, कारण तिथे पद्धतशीर शोध घेण्याची सोय राहते.

पझलच्या इतिहासाची सुरुवात झाली ती मुळात तुकडे एकमेकांत न अडकणाऱ्या कापाने. लंडनमधील नकाशे कोरणारे जॉन स्पिल्सबरी यांनी १७६० च्या दशकात लाकडी फळीवर नकाशा चिकटवून तो देशांच्या सीमांवरून कापला, आणि मुलांना भूगोल शिकवण्यासाठी तो वापरला जाऊ लागला. त्या तुकड्यांना एकमेकांत अडकवणारी टोके नव्हती. देशाची सीमा हीच तुकड्याची कड होती. आजही हाताने कापलेल्या काही लाकडी पझल्समध्ये रंगाच्या सीमेवरूनच करवत चालवतात, म्हणजे लाल छप्पर एका तुकड्यावर संपते आणि निळे आकाश थेट दुसऱ्या तुकड्यावर सुरू होते. शेजारच्या तुकड्यावर आधीच्या रंगाचा मागमूसही नसल्यामुळे असे पझल तुकड्यांच्या आकड्यावरून वाटते त्यापेक्षा कितीतरी अवघड असते.

तुकड्यांच्या आकड्यावर म्हणूनच फार विसंबू नये. हा आकडा बऱ्याचदा काटेकोरही नसतो: ५०० तुकड्यांची म्हणून विकली जाणारी अनेक पझल्स प्रत्यक्षात २७ गुणिले १९, म्हणजे ५१३ तुकड्यांची असतात. त्यांत कडेचे तुकडे ८८ भरतात. ४० गुणिले २५ अशी मांडणी असलेल्या १००० तुकड्यांच्या पझलमध्ये मात्र कडेचे तुकडे १२६ च असतात. म्हणजे एकूण तुकडे जवळपास दुप्पट होतात, पण सोपी सुरुवात करून देणारी चौकट त्या मानाने फारशी वाढत नाही, आणि त्यातच प्रत्येक रिकाम्या जागेसाठी तपासायचे तुकडेही वाढतात. त्यामुळे श्रम दुपटीहून बरेच अधिक होतात. १००० तुकड्यांचे पझल साधारणपणे ७० सेंटिमीटर लांब आणि ५० सेंटिमीटर रुंद होते. २००० तुकड्यांचे एक मीटरच्या आसपास लांब जाते आणि सुटे तुकडे पसरायला निदान तेवढीच जागा आणखी लागते. राव्हेन्सबुर्गरचे डिस्नेच्या चित्रांचे ४०,३२० तुकड्यांचे पझल प्रसिद्ध आहे, परंतु त्याचे तुकडे दहा पिशव्यांत विभागलेले असतात, म्हणजे व्यवहारात ती चार-चार हजारांची दहा पझल्स ठरतात. त्याची भव्यता मी मान्य करतो, तरी ते घेण्याची इच्छा मला होत नाही.

चित्राबद्दल थोडक्यात सांगण्यासारखे एवढेच की, भिंतीवर लावायला चांगले चित्र जुळवायला चांगले असतेच असे नाही. खोक्यावरचे चित्र मनातल्या मनात बारा चौकोनांत विभागावे आणि प्रत्येक चौकोन दुसऱ्यापासून ओळखता येतो का ते पाहावे. पाट्यांवरची अक्षरे, कौलांच्या ओळी, झाडांची वेगवेगळी पाने, कापडावरची नक्षी असे तपशील असतील तर शोधाला सतत धागा मिळत राहतो. छपाईही पाहावी: मूळ चित्र लहान असून ताणून मोठे केलेले असेल, तर तुकड्यावरची अक्षरे वाचताच येत नाहीत, आणि हा दोष दुकानात खोक्याच्या छोट्या चित्रावर कळत नाही.

लाकडी पझल्स हा वेगळाच अनुभव आहे. ब्रिटनमधील वेंटवर्थ कंपनीची पझल्स लेझरने कापलेली असतात, आणि त्यांत पक्षी, होडी, माणूस अशा चित्राच्या विषयाशी जुळणाऱ्या आकारांचे तुकडे मुद्दाम ठेवलेले असतात. खोके उघडल्यावर लेझरने जळालेल्या लाकडाचा मंद वास येतो, तुकड्यांच्या कडा तपकिरी दिसतात, आणि हातात धरल्यावर त्यांचे वजन जाणवते. ती महाग असतात, हे खरे. पण २५० लाकडी तुकडे जुळवण्यात मिळणारे समाधान पुठ्ठ्याच्या ५०० तुकड्यांपेक्षा कमी नसते, आणि वारंवार वापरूनही त्यांची पकड पुठ्ठ्याइतकी लवकर सैल होत नाही.

घरी लागणाऱ्या साधनांपैकी मी दोनच महत्त्वाची मानतो: उचलून ठेवता येईल अशी सपाट फळी आणि बाजूने प्रकाश देणारा दिवा. गुंडाळून ठेवायची फेल्टची चटई जागा वाचवते, पण उलगडताना कडेचे तुकडे हमखास सुटतात, आणि पुठ्ठा बराच काळ गुंडाळलेला राहिला तर त्याला बाक येतो. दमट हवेत पुठ्ठा फुगतो आणि तुकडे एकमेकांत घट्ट रुतून बसतात. अशा वेळी जोर लावण्यापेक्षा हवा कोरडी होईपर्यंत थांबलेले बरे. स्पेनमधील वायादोलिद येथे २०१९ मध्ये जिगसॉ पझलची जागतिक स्पर्धा सुरू झाली, आणि तिथे ५०० तुकडे तासाभराच्या आत जुळवणारे स्पर्धक आहेत. त्यांच्या नजरेचे मला मनापासून कौतुक वाटते, मात्र घरच्या छंदाला वेळेचे माप लावावे असे मला वाटत नाही.

वापरलेले पझल घ्यायचे असेल, तर तुकडे मोजलेले आहेत की जुळवून तपासलेले आहेत हे आधी विचारावे. नुसत्या मोजणीवर विश्वास ठेवू नये, कारण ५१३ चे ५०० मोजले गेले तरी विकणारा समाधानी असतो. नवीन घेताना हरवलेल्या तुकड्याबद्दल कंपनी काय करते तेही पाहावे. स्पेनच्या एदुका कंपनीची हरवलेला तुकडा पाठवण्याची सेवा या बाबतीत अनुकरणीय आहे. आणि ज्यांना अगदी पहिले पझल घ्यायचे आहे त्यांनी ५०० तुकड्यांचे, चकाकी नसलेले आणि भरपूर तपशिलाचे पझल नावाजलेल्या कंपनीकडून घ्यावे, पहिले दहा-बारा तुकडे जुळताच तो भाग उचलून पाहावा, आणि तो हातात सुटला तर त्या कंपनीचे १००० तुकड्यांचे खोके घेण्याच्या फंदात पडू नये.