म्युनिकमधलं ४५० युरोंचं घर

जर्मनीत शिकायला निघालेल्या मुलांना फसवणारी घराची जाहिरात साधारण एकाच साच्यातली असते. म्युनिकच्या श्वाबिंग भागात एका बेडरूमचा फ्लॅट, विद्यापीठ चालत दहा मिनिटांवर, फर्निचर आहे, हीटिंग-वीज-इंटरनेट सगळं धरून भाडं महिना ४५० युरो. मालक नोकरीनिमित्त लंडनला किंवा बार्सिलोनाला. इंग्रजी सफाईदार, ईमेलला उत्तर लगेच. घर बघायला येता येत नाही? काहीच अडचण नाही. एक महिन्याचं भाडं आणि दोन महिन्यांचं डिपॉझिट भरा, किल्ली कुरिअरने येईल, आणि घर आवडलं नाही तर सगळे पैसे परत. हे शेवटचं वाक्य वाचून पुण्या-नाशकातल्या घरात सगळ्यांना हायसं वाटतं आणि १,३५० युरो, म्हणजे सव्वा लाखाहून जास्त रुपये, रवाना होतात.

फसवणूक पैसे पाठवताना होते हे खरं, पण तिची तयारी शहर ठरतं तेव्हाच झालेली असते. नाव ऐकून म्युनिक ठरवायचं आणि खर्चाचा हिशोब व्हिसा हातात आल्यावर करायचा, असा बहुतेक घरांतला क्रम. हिशोब मांडला तर चित्र असं दिसतं. विद्यार्थी व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये वर्षाचे ११,९०४ युरो दाखवावे लागतात आणि त्यातून महिन्याला ९९२ युरो हातात येतात. म्युनिकमध्ये शेअरिंगच्या घरातल्या एका खोलीला सरासरी ८०० युरोंच्या आसपास पडतात. विद्यार्थ्यांच्या सरकारी आरोग्य विम्याला आणखी दीडशेच्या आसपास. खाण्यापिण्याला उरतात चाळीसेक युरो. अशा वेळी ४५० युरोंचं घर दिसलं की शंका यायच्या ऐवजी देव पावल्यासारखं वाटतं. पूर्व जर्मनीतल्या केम्निट्झला निघालेल्या मुलाला ही जाहिरात कोणी दाखवत नाही, कारण तिथे खोली मुळात ३०० युरोंच्या आसपास मिळते. ठकांना महागडं शहर लागतं, आणि सप्टेंबर-ऑक्टोबर लागतो. हिवाळी सत्राच्या तोंडावर सगळे एकदमच घर शोधत असतात.

आपल्या एका सवयीचाही त्यांना फायदा होतो. पुण्या-मुंबईत फ्लॅट पसंत पडला की टोकन देऊन धरून ठेवायचा, यात कोणाला वावगं वाटत नाही. त्यामुळे ‘रिझर्व्हेशनचे ३०० युरो आज भरा, आणखी चौघं मागे आहेत’ हे वाक्य कानाला खटकत नाही. जर्मनीत भाड्याच्या घरासाठी असं टोकन द्यायची पद्धत नाही. घर दाखवायचे पैसे नसतात. दलाली १ जून २०१५ पासून ज्याने दलाल नेमला त्यानेच द्यायची, म्हणजे बहुतेक वेळा मालकाने. डिपॉझिट, तिथल्या भाषेत कौत्सिओन, जास्तीत जास्त तीन महिन्यांच्या मूळ भाड्याइतकं. मूळ म्हणजे हीटिंग, पाणी वगैरे वगळून. ते तीन समान मासिक हप्त्यांत भरायचा भाडेकरूला कायद्याने हक्क आहे आणि पहिला हप्ता भाडेकरार सुरू होतो तेव्हा द्यायचा. व्यवहारात बरेच खरे मालकही सगळं एकदम मागतात, त्यामुळे तेवढ्यावरून कोणाला ठक ठरवू नये. पण करार सुरू व्हायच्या महिनाभर आधी, घर न दाखवता, परदेशातून मागणारा मालक खरा नसतो.

आता ही यंत्रणा चालते कशी? जाहिरात बहुतेक वेळा खऱ्याच, नावाजलेल्या संकेतस्थळावर असते. फोटो दुसऱ्या शहरातल्या एखाद्या हॉटेलचे किंवा विक्रीच्या जाहिरातीतले उचललेले. गुगलच्या इमेज सर्चमध्ये टाकले तर बऱ्याचदा मूळ ठिकाण सापडतं. नाही सापडलं म्हणून फोटो खरे ठरत नाहीत. दुसऱ्या-तिसऱ्या संदेशातच बोलणं ईमेलवर किंवा व्हॉट्सॲपवर नेलं जातं, म्हणजे संकेतस्थळाने जाहिरात काढून टाकली तरी मासा गळालाच राहतो. मग एअरबीएनबी या घरं भाड्याने देणाऱ्या संकेतस्थळासारखं हुबेहूब दिसणारं पान येतं: पैसे आमच्याकडे सुरक्षित राहतील, घर पाहिल्यावरच मालकाला मिळतील. पत्त्याची पट्टी नीट वाचा. नावाच्या पुढेमागे जोडलेला एखादा जादा शब्द किंवा भलतंच शेपूट दिसेल. खरी एअरबीएनबी बाहेरच्या बँक खात्यात पैसे पाठवायला सांगत नाही आणि दुसरीकडे जाहिरात केलेल्या घराची मध्यस्थीही करत नाही.

विश्वास बसावा म्हणून ‘मालक’ स्वतःच्या पासपोर्टची प्रत पाठवतो. ती खरी असते. फक्त त्याची नसते, आधी फसलेल्या कोणाची तरी असते. त्या बदल्यात तो तुमचा पासपोर्ट, प्रवेशपत्र, बाबांच्या पगाराच्या स्लिपा मागतो, आणि पुढच्या माणसाला मालक म्हणून तुमचा चेहरा दिसतो. पैसे गेल्याचं दुःख महिन्या-दोन महिन्यांत ओसरतं. हे प्रकरण मात्र वर्षभरानेही पोलिसांच्या पत्राच्या रूपाने दारात येऊ शकतं. घर प्रत्यक्ष पाहून करार समोर येईपर्यंत पासपोर्टची प्रत देऊ नये. द्यावीच लागली तर त्यावर आडवं लिहावं: कोणत्या पत्त्याच्या घरासाठी, कोणत्या तारखेला.

खात्याचा क्रमांक, म्हणजे आयबान, बराच बोलका असतो. पहिली दोन अक्षरं देशाची. जर्मन खातं डीई ने सुरू होतं आणि एकूण २२ अक्षर-अंकांचं असतं. पाचव्यापासून बाराव्यापर्यंतचे आठ अंक बँक सांगतात. म्युनिकच्या घराचा जर्मन मालक स्पेनच्या किंवा लिथुआनियाच्या खात्यात डिपॉझिट मागत असेल तर कारण विचारा. अर्थात काही डिजिटल बँकांची खाती परदेशी क्रमांकाची असतात, आणि उलट डीई खातंही चोरलेल्या ओळखीवर उघडलेलं असू शकतं. ऑक्टोबर २०२५ पासून युरो वापरणाऱ्या देशांतल्या बँकांना पैसे पाठवण्यापूर्वी खातेदाराचं नाव जुळतं का ते पाठवणाऱ्याला दाखवावं लागतं. पण भारतातून स्विफ्टने, म्हणजे बँकांच्या आंतरराष्ट्रीय जाळ्यातून, पाठवलेल्या पैशाला ही सोय मिळत नाही. जर्मनीत आधीपासून कोणी ओळखीचं असेल तर त्याच्या खात्यातून नुसतं नाव पडताळून घ्या. त्याहून बरं, त्यालाच घर बघायला पाठवा.

पण ‘घर डोळ्यांनी पाहिलं’ हाही पक्का पुरावा नाही. एखादा माणूस आठवड्यासाठी हॉलिडे फ्लॅट भाड्याने घेतो, दहा जणांना दाखवतो, दहाही जणांशी करार करून प्रत्येकाकडून रोख डिपॉझिट घेतो आणि रविवारी गायब होतो. यावर उपाय कंटाळवाणा आहे: रोख द्यायचं नाही, बेलवरचं आणि टपालपेटीवरचं नाव करारातल्या नावाशी ताडून बघायचं, शेजाऱ्याची बेल वाजवून विचारायचं. पोटभाडेकरू म्हणून राहणार असाल तर मूळ मालकाची लेखी परवानगी मागा.

आणि एक कागद आधीच कबूल करून घ्या. राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत नगर कार्यालयात पत्ता नोंदवावा लागतो. त्याला आनमेल्डुंग म्हणतात, आणि त्यासाठी घर देणाऱ्याची सही असलेलं निवासाचं प्रमाणपत्र लागतं. ही नोंद नाही तर करक्रमांकाचं पत्र कुठे येणार? परदेशी नागरिकांच्या कार्यालयातलं पुढचं काम अडतं, बँक खात्याचीही अडचण होते. म्हणून ‘स्वस्त आहे, पण नोंदणी नाही’ अशी खोली महागात पडते. काही जण नुसता पत्ता विकतात, दोन-तीनशे युरोंत. तिथे प्रत्यक्ष न राहणाऱ्या माणसाला असा पत्ता देणाऱ्याला ५०,००० युरोंपर्यंत दंड होऊ शकतो, आणि खोटी नोंद तुमच्या नावावर राहते ती वेगळीच.

परदेशात प्रवेश मिळवून देणाऱ्या एजंटांबद्दल थोडक्यात. सगळे लबाड नसतात, पण खासगी संस्थांकडून कमिशन घेणारा एजंट शहर निवडायला मदत करत नाही, शहर विकतो. माहितीपत्रकात ‘बर्लिन’ असतं. वर्ग भलत्याच गावात किंवा निम्म्याहून जास्त ऑनलाइन असतात. विद्यार्थ्याचा निवास परवाना प्रत्यक्ष हजेरीच्या पूर्णवेळ शिक्षणासाठी असतो, आणि बर्लिनमध्ये २०२५ साली याच मुद्द्यावरून भारतीय विद्यार्थ्यांचे परवाने अडले. प्रवेशपत्रावर शिकवण्याचं ठिकाण आणि प्रत्यक्ष वर्गांचं प्रमाण लिहून मागा. ‘जर्मनीत शिक्षण फुकट’ हेही सरसकट धरू नका. श्टुटगार्ट, कार्ल्सरूह, हायडेलबर्ग ज्या राज्यात आहेत त्या बाडेन-वुर्टेंबर्गमध्ये युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना सरकारी विद्यापीठांतही सत्राला १,५०० युरो फी आहे. म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठात २०२४-२५ च्या हिवाळी सत्रापासून मास्टर्सला सत्राला ४,००० ते ६,०००.

म्हणून अर्ज करण्याआधीच प्रत्येक शहरासमोर चार आकडे मांडा: सत्राची फी, खोलीचं सरासरी भाडं, विद्यार्थी वसतिगृहाची प्रतीक्षा, आणि बाजूच्या गावातून येण्याजाण्याचा वेळ. वसतिगृहं श्टुडिरेंडनवेर्क ही विद्यार्थ्यांसाठीची सेवासंस्था चालवते. म्युनिकमध्ये प्रतीक्षा अनेक सत्रांची होऊ शकते, तेव्हा प्रवेशपत्र येताच अर्ज टाका. बाजूच्या गावाचा पर्याय आपल्याकडे उगाच कमीपणाचा मानतात. आउग्सबुर्गहून म्युनिकला प्रादेशिक रेल्वेने तासाच्या आत पोचता येतं, आणि देशभर चालणारं डॉइशलांड तिकीट (जानेवारी २०२६ पासून महिना ६३ युरो) त्या गाडीला चालतं, आयसीई एक्सप्रेसला नाही.

पैसे गेलेच असतील तर त्याच दिवशी बँकेत जाऊन स्विफ्टने पैसे परत बोलावण्याची लेखी विनंती द्या. उद्यावर ढकलू नका. १९३० या हेल्पलाइनवर आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार करा. ज्या राज्यातल्या घराचा बनाव होता तिथल्या जर्मन पोलिसांकडेही ऑनलाइन तक्रार करता येते. तिचा क्रमांक जपून ठेवा. पासपोर्टची प्रत दिली असेल तर उद्या तोच उपयोगी पडेल. ज्या बँकेत पैसे गेले तिलाही तो क्रमांक कळवा. नंतर ‘तुमचे पैसे सोडवून देतो, फक्त प्रोसेसिंग फी भरा’ असा फोन आला तर ती त्याच टोळीची दुसरी खेप समजा.

घर ठरलेलं नसेल तर पहिले तीन-चार आठवडे हॉस्टेलमध्ये किंवा सर्व्हिस्ड अपार्टमेंटमध्ये काढायची तयारी ठेवून निघा, आणि तिथे राहून घरं बघा. सर्व्हिस्ड अपार्टमेंटवाले काही ठिकाणी नोंदणीचा कागद देतात, हॉस्टेलवाले सहसा नाही. बुकिंग करण्याआधी ईमेलवर विचारून घ्या.