इंदूरच्या तुकोगंजातल्या वकीलबाई: पाचपैकी चार तारे

आमच्या घरामागचा मोकळा प्लॉट शहराच्या मास्टर प्लानमध्ये निवासी आहे. पेपरच्या आतल्या पानावर बारीक अक्षरांत सूचना आली, की तो वाणिज्यिक करायचा प्रस्ताव आहे. ह्यांनी चष्मा पुसून दोनदा वाचली. मी म्हटलं, सरळ हायकोर्टात जाऊ.

भाच्याने ह्या वकीलबाईंचं नाव सुचवलं. ऑफिस दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट बंद, जिन्यात जुन्या फायलींचे गठ्ठे. पण बाईंनी पहिल्या पाच मिनिटांत माझी हवा काढली. "काकू, आत्ता रिट लावली तर जज पहिलं विचारतील, हरकत घेतली का?"

मग मध्य प्रदेशचा नगररचनेचा कायदा, म्हणजे 1973चा नगर तथा ग्राम निवेश अधिनियम, टेबलावर उघडून कलम 23-क वाचून दाखवलं. लागू योजनेत सरकारला बदल करायचा तर आधी मसुदा दोन वर्तमानपत्रांत, लागोपाठ दोन दिवस छापावा लागतो, प्रत कलेक्टर कचेरीत लावावी लागते, आणि हरकतींना 15 दिवस. आमचे सहा उरले होते! बदल मंजूर झालाच तर राज्यघटनेच्या अनुच्छेद 226 खाली हायकोर्टात जाता येईल, पण 'आम्हाला आवडला नाही' हा मुद्दा तिथे चालत नाही. कायद्याने अधिकारच नव्हता, ठरवलेली पद्धत पाळली नाही किंवा निर्णय निव्वळ मनमानी आहे, ह्यातलं काहीतरी दाखवावं लागतं, आणि ते दाखवायचं ओझं आपल्यावर.

भाच्याने इंदूर विकास प्राधिकरणाच्या खटल्यातला सर्वोच्च न्यायालयाचा 2007चा निकाल छापून दिला होता. मी मोठ्या ऐटीत पुढे केला. बाईंनी चाळला आणि परत दिला. "हा जमीनमालकाच्या कामाचा. मालक तुम्ही नाही, शेजारी आहात." कागद फुकट गेले, पण खोटी आशा दाखवली नाही हे मला आवडलं. केस लावून तारखा घेत बसणं त्यांना सोपं होतं.

त्याच संध्याकाळी मोती तबेल्याला जाऊन कलेक्टर कचेरीच्या फलकाचा तारखेसकट फोटो काढायला लावला. प्रत तिथे होती की नव्हती, ते इथे लिहू नका म्हणाल्यात.

एक तारा बाईंच्या कारकुनामुळे, मुन्शीजींमुळे कापला. हरकत हिंदीत टाइप करताना 'कुळकर्णी'चं 'कुलकर्नी' केलं, दुरुस्तीचे पुन्हा पैसे मागितले, आणि फोन उचलायचं नाव नाही. एमजी रोडला गाडी लावायची आशाही सोडा, रिक्षाने जा.

सल्ला आणि हरकतीचा मसुदा मिळून 3,000 रुपये झाले. हरकतीखाली गल्लीतल्या 23 घरांच्या सह्या आहेत. पोचपावतीवर शिक्का नीट उमटला नव्हता, तर बाईंनी मला दुसऱ्या दिवशी पुन्हा पाठवलं.